बटण न दाबलेला उन्हाळा

मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही वडगावात, माझ्या माहेरच्या विणकर गल्लीत, गेलो होतो. हिंडलग्याहून निघतानाच ऊन असं की रिक्षाचं सीट मांडीला चटका देत होतं. गल्लीच्या तोंडाशी मागांची खडखड कानावर आली आणि माझं बोलणं मधेच थांबलं. नणंद म्हणाली, "वैनी, काय झालं ओ?" म्हटलं, काय न्हाय, चला. लग्नसराईतला मागाचा आवाज निराळा असतो. एरवी माग पोटापुरते चालतात, वैशाखात ते हट्टाला पेटल्यासारखे चालतात. मशीनचं तेल, सुताची खळ आणि कुणाच्या तरी दारात वाळत घातलेले पापड, असा सगळा मिळून एक वास गल्लीत भरून राहिलेला असतो. त्या खडखडीत मला आणखी एक आवाज आठवला. एका उन्हाळ्यात त्या आवाजावर मी इतकी जळले की आजही कुणी 'हेवा' हा शब्द उच्चारला की मला तोच ऐकू येतो.

माझी दहावीची परीक्षा संपली होती. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, तेव्हा चार पॉवरलूम होते, घराला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. संदू, माझा भाऊ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्या वर्षी आप्पा साड्या घेऊन मडगावला गेलते, आणि येताना एका तारवट्याच्या घरून, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या माणसाच्या घरून, एक करड्या रंगाचा खोका घेऊन आले. वापरलेलाच होता. वर झाकण, झाकणात सीडी, पुढं दोन वायरी आणि त्यांना बटणांचे हातगे. टीव्हीला जोडायचा आणि गेम खेळायचा. आमच्या गल्लीत तोवर असलं काही कुणी बघितलं नव्हतं. आप्पांनी तो खोका संदूच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू उद्यापासनं कांड्या भरायला बस गं. लग्नाच्या ऑर्डरी लई हायत."

झालं. एका वाक्यात वाटणी. त्याला खोका आणि मला कांड्या.

कांडी म्हणजे धोट्यात बसणारं छोटं रीळ. तिच्यावर सूत भरायचं, की धोटा इकडून तिकडं पळत आडवा दोरा घालत जातो. घर आणि शेड यांच्यामधल्या बोळात माझं भरणीयंत्र होतं. डाव्या हाताला शेडचं दार, उजव्या हाताला पुढच्या खोलीची भिंत. भिंतीपलीकडं संदू, त्याचा दोस्त आणि तो खोका. दुसरा हातगा दोस्ताला. मला काय मिळायचं? "आक्का, हात लावू नको हां, तुझ्या हाताला तेल हाय!" तेल होतंच की माझ्या हाताला. कुणासाठी लागलं होतं ते? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आईला सांगितलं तर आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं, पोराचा जीव रमतोय." माझा जीव रमतोय का, हे विचारायची पद्धत आमच्याकडं नव्हती.

आणि मला खेळायचं नव्हतंच, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. गाड्या पळवायच्या, माणसं मारायची, त्यात मला काही गोडी नव्हती. मला ते बटण दाबायचं होतं. खोक्यावरचं गोल बटण दाबलं की आधी क्षणभर काही होत नसे. मग टीव्हीचा पडदा उजळायचा, एक खूण यायची आणि त्याबरोबर एक आवाज. खालून वर चढणारा, खोल, भरलेला, शेवटी किणकिणत विरणारा. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी मोठी घंटा वाजवून हातानं धरावी, काहीसा तसा. तो भिंतीतून माझ्यापर्यंत यायचा. दिवसातून कितीदा तरी, कारण उन्हाळ्यात आमच्याकडं करंट सारखा जायचा. दुपारी वळीव येतोय असं नुसतं वाटलं तरी जायचा. करंट गेला की माग बंद, खोका बंद, सगळी गल्ली गप्प. परत आला की माग एकेक करून हातानं सुरू करावे लागत, आप्पा उठून चपला घालून शेडमध्ये जाईपर्यंत जरा वेळ जायचा. पण संदू टपूनच बसलेला. पंखा फिरायला लागायच्या आत तो आवाज यायचाच. त्या उन्हाळ्यात मी करंट आल्याचं पंख्यावरून नाही, त्या आवाजावरून ओळखायची. आणि दर वेळी रागानं कांडी अशी चढवायची की तिच्यावरचा दोरा तुटायचा.

आता मी एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. दर वर्षी मुलांना समजावते की मशीनला काही म्हणजे काही कळत नाही, त्याला फक्त आहे आणि नाही एवढंच कळतं. हे मी पुस्तकातून शिकले नाही. करंट गेला की कांड्या भरणं थांबायचं, तेव्हा आप्पा मला सोप्यात खिडकीपाशी बोलवायचे, पत्ते पाडायला. पत्ते म्हणजे जेकार्डचे, मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे. साडीच्या काठावरचा मोर, कोयरी, जे काही असेल ते या पुठ्ठ्यांच्या भोकांमध्ये असतं. आप्पा आलेखाच्या कागदावरून एकेक चौकोन वाचायचे, "भोक, भोक, कोरं, भोक," आणि मी हातपंचानं पाडत जायची. भोक असलं की दोरा वर, कोरं असलं की दोरा खाली. मधेच आप्पा मुद्दाम चुकीचं वाचायचे आणि मी पकडते का बघायचे. मी पकडलं की हसायचे, मोठ्यानं, एरवी न हसणारा माणूस. माझं मात्र सगळं लक्ष भिंतीपलीकडं. करंट आला की आता तो आवाज येणार, आणि बटण परत त्याच्याच बोटाखाली असणार.

नक्षीच्या बाबतीत आमच्या धंद्यात एक रीत होती. शेजारच्या शहापुरात कुणी नवा काठ काढला आणि तो खपायला लागला, की चार दिवसांत तशी साडी आमच्या दारात यायचीच. आप्पा ती सतरंजीवर पसरायचे, भिंग लावून दोरे मोजायचे, कागदावर चौकोन भरायचे आणि आपले पत्ते आपण पाडायचे. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. एकदा मात्र दुसऱ्याकडचं काम सोडून आलेला एक कामगार काखेत पत्त्यांची अख्खी गठडी घेऊन आला. म्हणाला, "आप्पा, तयारच हाय बघा, मोजायचा ताप न्हाय." आप्पांनी त्याला पाणी दिलं आणि गठडीसकट परत पाठवलं. "साडी बघून काढलं तर मेहनत माझी. त्याचे पत्ते लावले तर मेहनत त्याची," एवढंच बोलले. सगळेच असं पाळत होते, असं मी म्हणणार नाही. आणि ज्याची नक्षी बघून काढली जायची त्याच्या पोटात काय होत असेल, ते आप्पा कधी बोलले नाहीत. कायद्यानं बघायला गेलं तर त्यांचं मोजून काढणंही दर वेळी बिनघोर सुटेल असं नाही. पण त्यांच्यापुरती रेघ तिथं होती.

ही सगळी आठवण एवढी उकरून निघाली, त्याला बस्ता हे एकच कारण नव्हतं. त्याच आठवड्यात संदूनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तो बेंगळुरात असतो, मोठ्या कंपनीत, मोठ्या सोसायटीत, बाविसाव्या का कुठल्या मजल्यावर. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात छोटा दिवा, आणि दिव्याखाली तो करडा खोका. पुसून, चकचकीत करून, देवासारखा बसवलेला. खाली लिहिलेलं, 'माझं बालपण.'

माझं! लगेच सगळ्यांचे बदाम सुरू झाले. मावशीचा बदाम, काकांचा अंगठा, वहिनीच्या कुठल्या मैत्रिणीचं 'किती गोड'. मी फोन उपडा ठेवला. पन्नाशीकडं झुकलेली बाई, दोन मुलांची आई, कॉलेजात मला मॅडम म्हणतात, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. आमचे हे निपाणीचे, तंबाखूच्या वखारीत वाढलेले, कसल्याच वासानं त्यांना ठसका लागत नाही. ते शांतपणे म्हणाले, "जळल्याचा वास येतोय. आमटी हाय की तू?"

मी होते.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं की मला एम्युलेटर लावायचा. एम्युलेटर म्हणजे काय, ते वर्गात सांगते तसंच सांगते. आपल्या दारी बहुरूपी येतो ना, कधी पोलीस होऊन, कधी मारुती होऊन, तसं एक मशीन दुसऱ्या मशीनचं सोंग घेतं. माझा लॅपटॉप काही तो करडा खोका नव्हे. त्याची चिप निराळी, तिची भाषा निराळी. एम्युलेटर हा प्रोग्रॅम जुन्या चिपसाठी लिहिलेली एकेक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो आणि तेच काम माझ्या लॅपटॉपच्या भाषेत करून घेतो. खोक्यातली मेमरी कुठं होती, सीडी कशी फिरायची, हातग्याचं बटण दाबलं की कुठं कळायचं, हे सगळं तो खोटं खोटं उभं करतो. एकदा भाषांतर केलेला तुकडा परत परत लागणार असेल तर जपून ठेवतो, म्हणजे दर वेळी डोकं शिणवायला नको. आणि वेळ सांभाळतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. आजचं मशीन इतकं वेगवान की आवरलं नाही तर गेममधली गाडी डोळ्याला दिसायच्या आत भिंतीला धडकेल. म्हणून तो मधे मधे मुद्दाम थांबतो, जुन्या चिपला जेवढा वेळ लागायचा तेवढाच घेतो.

हे सोंग कुणी लिहिलं? हौशी लोकांनी, वर्षानुवर्षं, त्या खोक्याला बाहेरून ठोकून, विचारून, काय दिलं की काय येतं हे बघून. म्हणजे साडी सतरंजीवर पसरून, भिंग लावून. परदेशात यावरून खटले झाले, आणि आपल्या मेहनतीनं लिहिलेलं असं सोंग हा काही गुन्हा नाही, असं तिथल्या कोर्टांनी मानलं.

पण खोक्याच्या आत एक छोटी चिप असते, आणि तिच्यात कंपनीनं कायमचा भरून ठेवलेला एक प्रोग्रॅम असतो. फर्मवेअर म्हणतात, बायोसही म्हणतात. बटण दाबलं की पहिल्यांदा जागा होतो तो हाच. सगळे अवयव ठीक आहेत का बघतो, पडद्यावर खूण दाखवतो, सीडी वाचायला घेतो, आणि पुढं गेमला लागणारी बारीकसारीक कामंही करून देतो. हा प्रोग्रॅम कंपनीचा, तिनं लिहिलेला, त्यावर तिचा हक्क. म्हणून सरळ मार्गानं चालणारे एम्युलेटरवाले तो आपल्याबरोबर देत नाहीत. ते म्हणतात, सोंग आमचं घ्या, हा तेवढा तुमच्या स्वतःच्या मशीनमधून काढून आणा. ते पत्ते आहेत, बघून काढलेली नक्षी नव्हे.

आता काही भल्या लोकांनी त्याच्याही जागी दुसरा बायोस शून्यापासून लिहिलाय, कंपनीचा एक शब्द न घेता. तो फुकट मिळतो आणि बिनधास्त वापरता येतो. मी तोच लावला. आईच्या ट्रंकेत मडगावहून खोक्याबरोबर आलेली गाड्यांच्या शर्यतीची एक सीडी मिळाली. पदरानं पुसली, लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घातली, आणि दाबलं बटण. गेम सुरू झाला! गाडी, रस्ता, झाडं, सगळं जिथल्या तिथं. पहिल्याच वळणाला मी खड्ड्यात गेले, ते जाऊ दे. पण तो आवाज आला नाही. येणार कसा? ती खूण आणि तो आवाज त्या चिपमधल्या प्रोग्रॅमचा. दुसऱ्यानं लिहिलेल्या बायोसनं सगळी कामं चोख केली, फक्त ज्यावर मी अख्खा उन्हाळा जळले तेवढंच त्याच्यात नव्हतं. ज्याला गेम हवा त्याचं काही अडत नाही. गेम नको असलेली बाई जगात एकटी मीच असेन.

लॅबमधल्या पाटील सरांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "मॅडम, नाव टाइप करा, पहिल्याच पानावर मिळतंय की! सगळं जग वापरतंय. तुम्हाला कोण धरायला येणार हाय? हिंडलग्याला, जेलाच्या शेजारी, घर हाय म्हणून लगेच आत घालणार हायत व्हय?"

मीही हसले. खरंच कुणी येणार नव्हतं. इंटरनेटवर तर त्या आवाजाचे व्हिडिओच आहेत, नुसतं टिचकी मारून ऐका. मी ऐकलेही. पण तो दुसऱ्यानं दाबलेल्या बटणाचा आवाज होता. असा तर मी त्या उन्हाळ्यात पोटभर ऐकलाय, भिंतीतून. आणि ती फाइल कुठून तरी उतरवून घेणं म्हणजे काखेत गठडी आणणं. आप्पांच्या पुण्याईचा आव आणत नाही हं मी. रस्त्यावरच्या सीडीवर सिनेमे बघितलेत मी, नाही कशाला म्हणू? पण या एका बाबतीत मला चोरलेलं नको होतं. माझ्या वाट्याचं हवं होतं. चोरून घेतलं असतं तर ते माझं कधीच नव्हतं हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग मी संदूला फोन केला. फोटोबद्दल एक शब्द नाही. म्हटलं, "संदू, त्या खोक्यातला बायोस काढून देशील काय रं?" तो एकदम खूश. असल्या कामात त्याला पोरासारखा आनंद. म्हणाला, "आक्का, तू आणि गेम? देतो की! जुन्या मेमरी कार्डातनं एक प्रोग्रॅम चालवला की निघतंय ते. रविवारी बसतो." मला त्याचा तो आनंदही सोसला नाही. त्याच्याकडं खोका आहे, खोका उघडायची अक्कल आहे, वर द्यायला मन पण मोठं आहे. माणसानं एवढं सगळं एकट्यानं ठेवून घेऊ नये.

रविवारी सकाळी फाइल आली. अर्धा एमबी. नणंदेनं पाठवलेल्या लग्नपत्रिकेच्या फोटोपेक्षा लहान. अंगणात करवंदं विकायला खानापूरकडची बाई आलेली, हे तिच्याशी घासाघीस करत होते, आणि मी सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या फाइलीकडं बघत होते. नेमक्या फोल्डरमध्ये ठेवायची, एम्युलेटर उघडायचा, सीडी घालायचीही गरज नाही. बटण दाबायचं. पडदा उजळेल. खूण येईल. आवाज येईल. आणि बोट माझं असेल.

बोट पुढं जाईना. स्वतःच्या मशीनमधून काढा, असं त्या सोंगवाल्यांनी लिहून ठेवलंय. तसं काढणंसुद्धा प्रत्येक देशाच्या कायद्यात बसतं का, याला वकील लोक व्हय म्हणतात की न्हाय, हे त्यांच्या मान हलवण्यावरून कळत नाही. पण दुसऱ्याच्या मशीनमधली फाइल आपल्याकडं घेणं बसत नाही, हे मला वकिलाशिवाय कळतं. मग खोका कुणाचा? सगळं तिथंच येऊन थांबत होतं. आप्पा असते तर त्यांना विचारलं असतं. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आईही गेली, माग भंगारात गेले, शेडमध्ये गाड्या धुतात. विचारायला संदू सोडून कोण उरलंय?

मी परत फोन लावला.

"मिळाली काय गं? लाव की आता," तो म्हणाला.

"लावते. आधी एक सांग. ते मशीन कुणाचं?"

"म्हंजे?"

"म्हंजे आप्पांनी आणलं ते तुला, का आपल्या दोघांना?"

तो हसला. "आता वाटणी करायची हाय व्हय?"

"वाटणी न्हाय रं. स्वतःच्या मशीनमधनं काढलेलं चालतंय. तुझ्या एकट्याचं असलं तर मला चालत न्हाय. दोघांचं असलं तर चालतंय. एवढं सांग, की मी बटण दाबते."

पलीकडं काचेच्या कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आक्का, तुला फाइल नको हाय. तुला माझ्याकडनं 'आपलं' असं म्हणवून घ्यायचं हाय."

"व्हय," मी म्हटलं. "घ्यायचं हाय. माझं बालपण, माझं बालपण म्हणून फोटो टाकतोस ते? त्या भिंतीमागं मी कांड्या भरत होते. तुझ्या खोक्यासाठी, तुझ्या शाळेसाठी, तुझ्या इंजिनिअरिंगसाठी. एकदा, एकदा तरी म्हणालास, आक्का, ये, तू दाब?"

"न्हाय म्हणालो," तो म्हणाला. "आणि आता बी न्हाय म्हणणार हाय. वाईट वाटून घेऊ नको. ते माझं हाय. आप्पांनी मला दिलतं. मला त्यांनी तेवढंच दिलतं, आक्का."

तो बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याचं बेंगळूर गळून पडलं, वडगावचं सगळं परत आलं. "तू शेडमधी, त्यांच्यासंगं. मी दारात आलो की 'जा रं, बोट जाईल तुझं, खेळ जा.' खोका कशाला आणला त्यांनी? मी मागाकडं यायला नको म्हणून आणला. तुला वाटतंय मी लई मजा केली. करंट गेला की माझं बंद पडायचं, तुमचं चालूच. भोक, कोरं, भोक, कोरं. आणि ते हसायचे, आक्का. तुझ्यासंगं हसायचे. माझ्यासंगं आप्पा कधी हसल्याचं मला आठवत न्हाय. मी त्या अंधाऱ्या खोलीत बटणावर बोट ठेवून बसायचो. करंट आला की पहिलं ते लावायचो, टीव्हीचा आवाज लई मोठा करून. तुमचं ऐकू येऊ नये म्हणून."

बाहेर करवंदवाली बाई गेली होती. हे द्रोण घेऊन दारात आले आणि माझं तोंड बघून तसेच आत गेले.

"संदू," मी म्हटलं.

"ती फाइल पुसून टाक न्हायतर ठेव, तुझी मर्जी," तो म्हणाला. "पण ते दोघांचं न्हवतं."

फोन ठेवला आणि मी फाइल पुसली. लॅपटॉपवरून आणि फोनवरूनही. खोका त्याचा होता, त्यानं तोंडानं सांगितलं होतं, आता प्रश्न उरला नव्हता. तो आवाज मी स्वतःच्या बोटानं आता कधी लावणार नाही, हे मला कळलं. एक अकरा वर्षांचं पोरगं त्या खोलीत एकटं बसून आमचं हसणं ऐकत होतं, याचं मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं, पण ते नंतर. त्याच्याकडं खोका होता, शाळा होती, बाविसावा मजला होता, आणि एवढं सगळं असून तो आयुष्यभर माझ्यावर जळत होता. खोटं कशाला बोलू, आधी मला लई बरं वाटलं.